बाकीचे छर्रे

आर्डिथ होरकी माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात खसखशीचं सारण भरलेल्या गोड पावांचा, कोलाचींचा, डबा. आमच्याकडे कुणी कुणाच्या दारी मोकळ्या हातानं जात नाही, त्यामुळे डब्याचं मला नवल वाटलं नाही. पण एरवी झाकण उघडून एक तरी कोलाची माझ्या तोंडात कोंबल्याशिवाय ती कामाचं बोलत नसे. आज तिनं डबा बाजूला सारला आणि बंदूक माझ्यासमोर बाकावर आडवी ठेवली.

"ही कापायची आहे," ती म्हणाली.

बंदूक मी ओळखली. ओळखणार नाही तर काय! एमिलची, तिच्या नवऱ्याची. तीस इंची नळी, रानहंसांसाठी घेतलेली. लूप नदीच्या काठी चिखलात बसून एमिलनं आणि मी जेवढे तास काढले, तेवढे आमच्या बायकांसोबतही काढले नसतील. एमिलला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ही बंदूक तिच्या कपाटात होती आणि तिथंच राहील असं मला वाटत होतं.

आर्डिथच्या मागून तिचा धाकटा भाऊ ल्युमिर आत आला, तेव्हा आज काम थोडं आणि बोलणं फार होणार हे मी समजून चुकलो. बियाण्यांच्या दुकानात सकाळी कॉफीला जे म्हातारे जमतात, त्यांच्यातला हा पहिला मानकरी. मक्याच्या भावापासून चंद्रावरच्या मातीपर्यंत त्याला सगळं कळतं, फक्त स्वतःचा ट्रॅक्टर का बंद पडतो तेवढं सोडून.

"किती कापायची?" मी आर्डिथला विचारलं.

उत्तर ल्युमिरनं दिलं. "मी खूण करून आणलीय. बघ." नळीवर खरंच निळी चिकटपट्टी होती. "बरोबर अठरा इंच. त्याहून आखूड कायद्याला चालत नाही. तू फक्त करवत चालव. मीच चालवली असती, पण ही बया ऐकेना."

"देवानं तिला अक्कल दिलीय म्हणून ऐकली नाही."

"का? मला मोजता येत नाही?"

"कुठून मोजलंस?"

"नळीच्या मागच्या टोकापासून. आणखी कुठून मोजतात? काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, टेप लावली."

"वा रे पठ्ठ्या," मी म्हणालो.

ही चूक आमच्या भागात दर वर्षी कुणी ना कुणी करतो. नळीच्या मागच्या टोकाला एक गळपट्टी असते, ती बंदुकीच्या पोटात शिरते. ती टेबलावर दिसते, टेपला दिसते, पण कायद्याला दिसत नाही. कायदा मोजतो तो आतून: काडतुसाला मागून अडवणारा बोल्ट बंद करायचा आणि तो जिथे येऊन टेकतो तिथून तोंडापर्यंत. मी नळी परत बसवली, बोल्ट बंद केला आणि कपाटामागची लाकडी काठी नळीच्या तोंडातून आत सोडली. ती टेकली तशी तोंडाशी पेन्सिलनं खूण केली, बाहेर काढली आणि नळीशेजारी धरून ल्युमिरच्या पट्टीपर्यंतचं अंतर त्यालाच मोजायला लावलं.

"सतरा," तो म्हणाला. मग पुन्हा मोजलं. "सतरा आणि वर थोडं."

"ते वरचं थोडं घेऊन न्यायाधीशासमोर उभं राहायचं."

"एवढ्याशानं काय होतंय?"

"दहा वर्षं होतात. आणि तुला नाही, हिला. बंदूक हिच्या घरात सापडणार. होरकींच्या घरातला एक माणूस आत आहे तेवढा पुरे नाही का?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. आर्डिथ भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होती. ल्युमिरनं चिकटपट्टी नखानं उकरून काढली.

ट्रेंटचं नाव तोवर कुणी घेतलं नव्हतं, मीही घेतलं नाही. पण बंदूक कुणासाठी कापायची हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, आख्ख्या काउंटीला ठाऊक होतं. ट्रेंट म्हणजे आर्डिथचा एकुलता एक मुलगा. चांगला होता हो. बापाबरोबर शिकारीला यायचा, थंडीनं ओठ निळे पडले तरी घरी चला म्हणायचा नाही. मग ती काचेच्या चुऱ्यासारखी दिसणारी नशेची पूड आमच्या गावात आली आणि तिनं जी घरं गिळली त्यात होरकींचं एक. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो आईकडे पिकअपच्या किल्ल्या मागायला आला. ती नाही म्हणाली, तर तिला त्यानं पडवीच्या पायऱ्यांवरून खाली ढकललं. हात दोन ठिकाणी मोडला. त्याची स्वतःची पोरगी, ब्रिन, तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्रामागे लपून बसली होती.

ब्रिन आता पाच वर्षांची आहे आणि आजीजवळच राहते. तिची आई कुठंतरी निघून गेली. ट्रेंट मे महिन्यात सुटणार होता. सुटल्या दिवशी येऊन पोरीला घेऊन जाणार, आडवं कोण येतं बघतो, असं त्यानं तुरुंगातल्या फोनवरून आईला सांगितलं होतं. त्यानं घराकडे फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम आहे, पण हुकूम काही दाराला आतून कडी लावत नाही. आणि डेप्युटीला, म्हणजे आमच्या पोलिसाला, तिच्या घरी पोहोचायला रस्ता कोरडा असला तरी पाऊण तास लागतो. घर सोडून कुठं जाणार? गुरं आहेत, शाळेची बस दारात येते, आणि मुळात का म्हणून सोडायचं?

"आर्डिथ," मी म्हणालो, "माझ्याकडे एक आखूड बंदूक तयार आहे. ती घेऊन जा. ही राहू दे तशीच."

"नको. हिच्यावर माझा हात बसलाय. चाळीस वर्षं कोंबड्यांवर येणारे कोल्हे मी हिनंच हाकललेत. अंधारात नवी बंदूक घेऊन काय चाचपडत बसू?"

"एकदा कापली की जोडता येत नाही. ह्या जातीच्या नळ्या करायचं कधीच बंद झालंय."

"मला जोडायची नाहीय."

आमच्याकडे बापाची बंदूक थोरल्या मुलाकडे जाते. मधल्या काळात आई ती सांभाळते, तेलपाणी करते, बस. शिक्षा झालेला असल्यामुळे ट्रेंटला आता कायद्यानं तिला हातही लावता येत नव्हता, तरी लोकांच्या मनात ती त्याचीच होती, आणि मला वाटतं आर्डिथच्याही. म्हणून ती "कापायची आहे" म्हणाली तेव्हा मी दुसरी बंदूक पुढे केली. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'कशाला' असं विचारत नाहीत. कसं, किती, केव्हा, एवढंच विचारायचं. ही रीत माझ्या बापानं मला घालून दिली आणि मी ती पाळत आलो.

ल्युमिरला मात्र गप्प बसून ठसका लागायची वेळ आली होती. "अरे, हिच्या घरातला तो बोळ केवढा आणि ही नळी केवढी! वळताच येत नाही. आणि आखूड नळीचं काय असतं, नेमसुद्धा धरावा लागत नाही. त्या दिशेला तोंड करायचं आणि दाबायचं. थोडे छर्रे भिंतीला, थोडे छताला, थोडे त्याला. लग्नात तांदूळ उधळतात तसे."

मी नुसते डोळे फिरवले. असलं ज्ञान रोज कानावर पडतं. प्रत्येकाला शिकवत बसलो तर माझा लेथ गंजून जाईल. आर्डिथ मात्र भावाकडे टक लावून बघत होती. ल्युमिरचं बोलणं तिनं एवढं मन लावून ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"साडेअठरा ठेवतो," मी म्हणालो. "अर्धा इंच देवाच्या नावानं. आता दुसरी गोष्ट. ह्या नळीच्या तोंडाशी आतून किंचित आवळ आहे. छर्रे बाहेर पडताना एकत्र राहावेत म्हणून. कापली की ती आवळ जाणार. मी नव्या तोंडात आटे पाडून एक आवळ बसवून देतो. म्हणजे मार घट्ट राहील."

"घट्ट म्हणजे?"

"म्हणजे फार पसरणार नाही. ब्रिन निजते ती खोली बोळातच आहे ना? एखादा छर्रा भलतीकडे जायला नको."

"ती माझ्या पाठीमागे असेल," आर्डिथ म्हणाली. "मी तिच्या दारात उभी राहणार, आणि तोंड स्वयंपाकघराकडे."

"तरीसुद्धा मी म्हणतो, बसवून घे."

तिनं नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "नको. उघडीच ठेव. जेवढं पसरेल तेवढं बरं."

"अगं, ऐक तरी—"

"डेल्मर, नळी माझी आहे ना?"

आता माझ्या हातची कला, आणि ती नको म्हणणारं गिऱ्हाईक, मला राग येणारच. होरकी घराणं हट्टासाठी प्रसिद्ध आहेच, आणि ही तर लग्न करून त्या घरात आलेली, म्हणजे हट्ट मुद्दाम शिकलेली. मी मनात म्हटलं, मर जा तिकडे. तोंडानं म्हटलं, "बरं. दस्त्याचं माप दे."

एमिल सहा फुटांच्या वर होता, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता त्याच्या हातापुरता. आर्डिथ त्याच्या काखेत मावायची. मी तिला कोपर वाकवून उभं राहायला सांगितलं, आणि दस्ता तिच्या दंडाला लावून बोट चापापर्यंत कुठं येतं ते बघायला लागलो. उजवं कोपर पुरतं वाकत नव्हतं. एका जागी येऊन अडकत होतं.

"दुखतं?"

"हवा बदलली की." तिनं हात तसाच धरून ठेवला. "तू माप घे."

घेतलं. दस्ता बराच आखूड करावा लागणार होता, वर मागे जाड रबराची गादी. त्या अडलेल्या कोपरासाठी मी माझ्या हिशेबानं थोडा जास्तच काढायचं ठरवलं. ल्युमिर मला खुणेनं सांगत होता की हात कुणी मोडला ते विचारू नको. जसा काही मी चंद्रावरून आलो होतो.

काम मी दोन दिवस लांबणीवर टाकलं. दुसऱ्यांची कामं काढली, शेड झाडली, कोलाची संपवल्या. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "नळी आपणहून आखूड होणार नाही," तेव्हा उठलो. तुकडा कापून पडला त्याच्या टोकाला ती पितळी माशी होती, जिच्यावरून एमिल हंसांचा नेम धरायचा. ती काढून नव्या तोंडाशी बसवली. तोंड घासून सपाट केलं, आतली कड गुळगुळीत केली, उघडंच ठेवलं. काम स्वच्छ झालं. स्वतःच्या तोंडानं सांगतो, पण ह्या काउंटीत तसं काम दुसरं कुणी करत नाही. आणि केलेलं काम बघून मला जराही बरं वाटलं नाही.

बंदूक न्यायला आर्डिथ एकटीच आली. सकाळची वेळ, ब्रिन शाळेत. वारा पडला होता आणि खूप उंचावरून क्रौंचांचे थवे ओरडत उत्तरेला चालले होते. तिच्या हातात ह्या वेळी डबा नव्हता, गवताच्या पेंढ्या बांधायची सुतळी होती, गुंडाळी करून.

"बोळ आहे हा," ती म्हणाली. "ब्रिनच्या दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. एवढ्यावरून मला मारून बघायचीय."

हे मला आवडलं. माणसं हिरवळीवरच्या डब्यावर गोळ्या झाडून घरी जातात, आपल्या घरात किती अंतर आहे हे मोजत नाहीत. शेडमागे मातीचा बांध आहे, त्याच्यापुढे मी पेंढ्या रचलेल्या असतात. मांस गुंडाळायचा पांढरा कागद त्यावर ठोकला आणि सुतळीचं एक टोक पेंढ्यांना बांधून दुसरं टोक ताणत मागे आलो. आलो म्हणजे काय, पाच पावलंसुद्धा झाली नाहीत.

"कागद वर घे," ती म्हणाली.

"बरोबर छातीला आहे."

"वर घे. छाती कुठं असते ते मला ठाऊक आहे." तिनं डावा हात आपल्या डोक्याच्या वर, जाईल तितका वर नेला आणि तळवा आडवा धरला. "एवढा आहे तो."

मी जाऊन कागद वर सरकवला.

कानांवर झाकणं चढवली. तिला एकच काडतूस दिलं, मोठ्या छर्र्यांचं, घरासाठी लोक ठेवतात तसलं. तिनं पाय रोवले, दस्ता खांद्याला लावला, कोपर जेवढं वाकतं तेवढं वाकवलं. दस्ता बरोबर बसला होता. मग तिनं चाप ओढला.

धक्क्यानं ती एक पाऊल मागे आली, पण पडली नाही. बंदूक उघडून, रिकामी झाल्याचं बघून तिनं ती माझ्या हातात दिली आणि सुतळीच्या कडेनं कागदाकडे चालत गेली. मी काडतुसाचं टरफल उचलायला वाकलो. सरळ उभा राहून बघतो तर ती कागदाला अगदी नाक लावून उभी. वरचा कोपरा बघितला, खालचा बघितला. कागद बाजूला धरून मागच्या पेंढ्या बघितल्या, चाचपल्या.

"काय शोधतेस?"

"बाकीचे कुठं गेले?"

"कुठले बाकीचे?"

"बाकीचे," ती म्हणाली. "भिंतीचे. छताचे."

मी जवळ गेलो. कागदाच्या मधोमध छर्रे गेले होते, नऊच्या नऊ, एकमेकांना खेटून. मधला कागद फाटून लोंबत होता. बाकी सगळा कागद कोरा.

"सगळे इथंच आहेत," मी म्हणालो. "भिंतीला काही गेलं नाही. एवढ्या अंतरावर जात नाही."

"पण आखूड केलीस ना तू? आवळ काढलीस ना?"

"केली. काढली. त्यानं दूरवर थोडा फरक पडतो. शेत ओलांडून मारलीस तर पसरतील. बोळात नाही. नळी अजून आखूड केली असती तरी भोक एवढंच पडलं असतं."

तिचा चेहरा बघितला आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"ल्युमिर म्हणाला ना, आखूड केली की उधळते," ती म्हणाली. हळू, मला समजावून सांगत असल्यासारखी. "मी म्हटलं, नऊ असतात. त्यातले पाच-सहा इकडंतिकडं जातील. दोन-तीन त्याला लागतील. हाताला, मांडीला. तो तिथंच थांबेल. डेप्युटी येईल. आणि तो जगेल."

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. ल्युमिर त्या क्षणी समोर असता तर मी त्याला त्याच्या त्या बंद ट्रॅक्टरखाली घातला असता. कॉफीचे कप हातात धरून शहाणपण उधळणाऱ्या त्या सगळ्या थेरड्यांना घातलं असतं. आणि मी? मी तिथंच उभा होतो, डोळे फिरवत. ती जेवढं पसरेल तेवढं बरं म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाई घाबरलीय, नेम चुकेल म्हणते. तिला त्याच्या जगण्याला जागा ठेवायची होती हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"बारीक छर्रे असतात ना?" ती म्हणाली. "चिमण्यांचे?"

"आर्डिथ."

"घाल. बघू दे."

मी शेडमधून बारीक छर्र्यांचं काडतूस आणलं, भरून दिलं. तिनं मारलं. ह्या वेळी सुटे छर्रेसुद्धा दिसले नाहीत. पहिल्याच्या शेजारी एकच गोल भोक पडलं, त्याच्या कडा काळ्या.

"तू कारागीर आहेस ना, डेल्मर," ती म्हणाली. शाळेपासून ओळखतो तिला, पण ह्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "काहीतरी कर. काहीतरी लावता येत असेल नळीला."

होय म्हणता आलं असतं. काहीतरी खटपट करून, एखादं नळकांडं बसवून, झालं काम, ने, असं सांगता आलं असतं. ती विश्वास ठेवून घरी गेली असती, आणि मे महिन्यात तिनं त्याच विश्वासानं चाप ओढला असता.

"नाही लावता येत," मी म्हणालो.

"मग पायावर मारीन."

"अंधारात? तो धावत येत असताना, ह्या हातानं? आणि एवढ्या जवळून पायाला लागली तरी डेप्युटी येईपर्यंत माणूस जिवंत राहत नाही."

ती पेंढीवर बसली. वरून क्रौंचांचा आणखी एक थवा ओरडत गेला.

"पोरगी मी त्याला देणार नाही," ती म्हणाली. "शुद्धीवर आला, कोर्टाच्या माणसाला घेऊन आला तर वेगळं. पण तसा आला, डोळे तसे घेऊन आला, तर मी दारातून हलणार नाही. म्हणजे बंदूक उचलणार. आणि उचलली तर तो मरणार. असंच ना?"

"असंच."

"मधलं काही नाही."

"नाही, बाई. मधलं काही नाही."

तिनं मान हलवली. माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर मला सोसलं असतं. ती उठली, कागदाचे खिळे एकेक करून बोटांनी उपटले आणि कागद गवतावर पसरून त्याची घडी घालायला लागली, चादरीची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तो कशाला?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला कशाला म्हणून विचारलं.

"शनिवारी भेटीचा दिवस असतो," ती म्हणाली. "दोन वर्षांत एकदाही गेले नाही. फोनवर तो ओरडतो आणि मी ठेवून देते. ह्या शनिवारी जाते. ब्रिनला ल्युमिरच्या बायकोकडे ठेवीन."

"एवढ्या लांब गाडी चालवशील? मी येतो."

"तू बाहेर बसणार असशील तर ये."

"कागद आत नेऊ देणार नाहीत, आर्डिथ. कागद, पेन्सिल, काहीच नेऊ देत नाहीत."

"माहीत आहे. मला घरी ठेवायचाय, मीच विसरू नये म्हणून."

"आणि बंदूक?"

"ती आत्ता घेऊन जाते. पोरगी आहे घरात."

मी बंदूक पुसून पिशवीत घातली आणि तिच्या पिकअपमध्ये सीटमागे ठेवली. काडतुसं वेगळी दिली. ती आत बसली नाही. दार धरून उभी राहिली.

"मग त्याला दाखवणार काय?" मी म्हणालो.

तिनं उजवा हात वर केला, तो अडलेला हात. बोटं पसरली आणि तळवा माझ्या छातीवर मधोमध टेकवला. दोन्ही भोकं त्या तळव्याखाली मावली असती.

"हे दाखवीन," ती म्हणाली. "म्हणेन, एवढं, ट्रेंट. सगळं एकाच जागी. भिंतीला काहीच जात नाही रे. येऊ नकोस, बाळा."